गावठी कुत्रं कसं शिकतं, आणि त्याला घरी कसं शिकवायचं

चिंगी आमच्याकडे आली तेव्हा जेमतेम साडेतीन महिन्यांची होती. पुण्यातल्या एका बांधकामावरच्या वाळूच्या ढिगात जन्मलेली, तांबूस रंगाची गावठी पिल्ली. पहिल्याच आठवड्यात फाटकापाशी कुणीतरी तिला हाकलायला काठी जमिनीवर जोरात आपटली. तिला लागलं नाही, पण त्या दिवसापासून काठी दिसली की ती शेपूट पोटाशी घेऊन मागे सरकायला लागली. दोन आठवड्यांत काठीच्या जोडीला छत्री आली, मग झाडूचा दांडा आला, मग जाळ्या काढायचा लांब ब्रश आला. त्याच दोन आठवड्यांत ती आणखी एक गोष्ट शिकली: स्वयंपाकघरात स्टीलच्या डब्याचं झाकण निघालं की गॅलरीतून धावत यायचं. या दोन्हींतली एकही गोष्ट तिला कुणी मुद्दाम शिकवली नव्हती.

शिकवण्यासाठी आपण दिवसातली दहा मिनिटं बाजूला काढतो. कुत्रं मात्र उरलेला सगळा वेळही शिकत असतं. म्हणून ते नेमकं कसं शिकतं हे आधी समजून घेऊ आणि मग कामाला लागू. इथली उदाहरणं गावठी कुत्र्याची आहेत, कारण गेली सहा वर्षं मी त्याच कुत्र्याबरोबर राहते आहे. तत्त्वं मात्र मांजर, पोपट, बैल, घोडा सगळ्यांना सारखीच लागू पडतात.

दोन रस्ते

प्राण्यांच्या या शिकण्याला मानसशास्त्राच्या मराठी पुस्तकांत 'अभिसंधान' म्हणतात. त्याचे दोन मुख्य प्रकार आहेत.

पहिला अभिजात अभिसंधान. रशियात सेंट पीटर्सबर्गला इव्हान पाव्हलॉव्ह कुत्र्यांच्या पचनाचा अभ्यास करत होते आणि १९०४ साली त्यांना नोबेल मिळालं तेही पचनाच्याच कामासाठी. त्या कामात एक गोष्ट वारंवार दिसत होती. अन्न तोंडात पडायच्या आधीच, अन्न आणणारा माणूस दिसला तरी कुत्र्याच्या तोंडाला पाणी सुटायचं. मग त्यांनी मेट्रोनोमची, म्हणजे ठेका धरणाऱ्या यंत्राची, टिकटिक आणि लगेच अन्न अशी जोडी पुन्हा पुन्हा दिली. काही दिवसांनी नुसत्या टिकटिकीवर लाळ सुटू लागली. इथे कुत्रं काहीच 'करत' नाही. एका गोष्टीमागून दुसरी येते एवढं त्याच्या शरीराला कळतं, आणि शरीर आधीच तयारीला लागतं. काठीची भीती आणि डब्याच्या झाकणाचा आनंद या दोन्ही गोष्टी चिंगीकडे याच रस्त्याने आल्या.

दुसरा साधक अभिसंधान. एडवर्ड थॉर्नडाइक यांनी १८९८ साली मांजरांना खिटी असलेल्या पेट्यांत ठेवून पाहिलं. मांजर धडपडायचं, कधीतरी खिटी निघायची, बाहेर अन्न मिळायचं. पुढच्या प्रत्येक खेपेला निरुपयोगी धडपड कमी होत गेली आणि सुटायला लागणारा वेळ घटत गेला. ज्या कृतीनंतर चांगलं घडतं ती कृती वाढते. बी. एफ. स्किनर यांनी पुढे उंदरांवर आणि कबुतरांवर याचा बारकाईने अभ्यास केला. कृतीनंतर मिळून ती कृती वाढवणाऱ्या गोष्टीला 'प्रबलन' म्हणतात. आपण साध्या शब्दांत बक्षीस म्हणू.

पहिल्या रस्त्याने कुत्र्याला 'कसं वाटतं' ते ठरतं, दुसऱ्याने ते 'काय करतं' ते ठरतं. घाबरलेल्या कुत्र्याला 'बस' म्हणून काही साधत नाही, कारण तिथे अडचण पहिल्या रस्त्यावर असते. शिकवताना होणाऱ्या निम्म्या चुका या दोहोंची गल्लत केल्यामुळे होतात असं माझं मत आहे.

पायरी १: बक्षीस कुत्र्याला निवडू द्या

बक्षीस कशाला म्हणायचं ते कुत्रं ठरवतं. तीन-चार पदार्थांचे बारीक तुकडे करा: भाकरी, उकडलेलं अंडं, पनीर, बिनमसाल्याचं उकडलेलं चिकन. दोन मुठींत दोन वेगळे पदार्थ धरा आणि कुत्रं कुठल्या मुठीशी जास्त वेळ थांबतं ते पाहा. चिंगीची उतरंड चिकन, अंडं, पनीर, भाकरी अशी निघाली. घरातल्या सोप्या कामाला भाकरीही चालते, रस्त्यावरच्या कठीण कामाला चिकनच लागतं.

तुकडा हरभऱ्याच्या दाण्याएवढा असावा. मोठा दिला तर चावण्यात वेळ जातो आणि पोट लवकर भरतं. सरावाला जेवढं खाऊ घातलं तेवढं जेवणातून कमी करा. चॉकलेट, द्राक्षं, मनुका, बेदाणे, कांदा आणि लसूण कुत्र्याला विषारी असतात. झायलिटॉल घातलेले बिनसाखरेचे पदार्थही तसेच. त्यामुळे आपल्या ताटातल्या फोडणीच्या भाजीतला तुकडा बक्षीस म्हणून देऊ नका.

खाण्यापलीकडेही बक्षिसं असतात. बाहेर पडल्यावर गावठी कुत्र्याला खांबाचा वास घेणं चिकनपेक्षा मोलाचं वाटू शकतं. मग तेच वापरा: दोन पावलं पट्टा सैल ठेवून चाललं की 'जा, घे वास' म्हणून खांबाकडे सोडा. आवडती कृती नावडतीच्या मागे जोडली की नावडती वाढते, हे डेव्हिड प्रिमॅक यांनी दाखवून दिलं. आमच्याकडे पट्टा ओढणं थांबलं ते याच युक्तीने.

पायरी २: खुणेचा आवाज तयार करा

कुत्रं बसलं, तुम्ही खिशात हात घातला, तुकडा काढला, वाकलात, तोवर तीन सेकंद गेले आणि कुत्रं उठलं. बक्षीस मिळालं ते उठण्याला. हा मधला काळ भरून काढायला एक छोटा, ठाम आवाज लागतो. स्किनर यांचे विद्यार्थी केलर आणि मॅरियन ब्रेलँड या जोडप्याने अमेरिकेत गेल्या शतकाच्या मध्यात ही रीत प्राणीशिक्षणाच्या रोजच्या कामात रुजवली.

बाजारात टकटक वाजणारा क्लिकर मिळतो, पण जिभेने काढलेला 'टॉक्' आवाजही पुरतो. 'शाब्बास' लांब पडतं, आणि 'हां' आपण मराठी माणसं दिवसातून शंभरदा म्हणतो, म्हणून ते दोन्ही टाळा.

आवाज काढा, एका सेकंदाच्या आत तुकडा द्या. कुत्र्याने काहीही केलेलं असायची गरज नाही. असं दहा-पंधरा वेळा, दिवसातून दोनदा, दोन-तीन दिवस. क्रम मात्र पक्का सांभाळा: आधी आवाज, मग हात हलवायचा. हात आधी हलला तर कुत्रं हाताकडे लक्ष ठेवतं आणि आवाजाला काही अर्थच उरत नाही. पाव्हलॉव्हच्या कुत्र्यांनाही टिकटिक अन्नाच्या आधी ऐकवली तरच ती उपयोगी पडत होती.

कुत्रं दुसरीकडे बघत असताना आवाज काढा. मान झटकन वळली तर खूण तयार झाली. यापुढे तो आवाज आला की तुकडा मिळालाच पाहिजे, चुकून निघाला असेल तरीही. आणि कुत्र्याला बोलवायला तो आवाज कधीही वापरू नका.

पायरी ३: बेल वाजली की चटईवर

'बस' सगळेच शिकवतात: तुकडा नाकावरून डोक्यामागे न्या, ढुंगण टेकलं की खूण, मग तुकडा. पाच-सहा वेळांनंतर रिकाम्या हाताने तीच हालचाल करा, नाहीतर कुत्रं फक्त चिकन दिसलं तरच बसतं. एवढं पुरे आहे. चटईचं काम मात्र नीट समजून घ्या, कारण फ्लॅटमध्ये राहणाऱ्या कुत्र्याला ते सगळ्यात उपयोगी पडतं आणि 'घडवणं' म्हणजे काय ते त्यातूनच कळतं.

दारापासून थोडी दूर एखादी जुनी गोधडी किंवा चटई टाका आणि गप्प बसा. कुत्र्याने तिच्याकडे पाहिलं तरी खूण आणि तुकडा. चार-पाच वेळा हे झालं की नुसत्या पाहण्याला काही देऊ नका, एक पाऊल टाकण्याची वाट पाहा. मग चटईवर एक पाय, मग चारही पाय, मग बसणं, मग आडवं होणं. प्रत्येक टप्प्यावर मागचा टप्पा सहज व्हायला लागला की पुढचा मागायचा. दोनदा-तीनदा चुकलं तर एक टप्पा मागे या. तुकडा चटईवरच टाका, हातात देऊ नका. मग ती जागाच कुत्र्याला आवडू लागते. इथे दोन्ही रस्ते एकत्र चालतात.

शब्द सगळ्यात शेवटी येतो. कुत्रं स्वतःहून चटईकडे निघालं की त्याच्या आधी क्षणभर 'जागेवर' म्हणा. सुरुवातीपासून 'जागेवर, जागेवर, अगं जागेवर' म्हणत राहिलं तर तो शब्द पंख्याच्या आवाजासारखा होऊन बसतो.

मग बेल जोडायची. घरातल्या कुणाला तरी बेल वाजवायला सांगा. बेल, लगेच 'जागेवर', चटई, तुकडा. वीस-पंचवीस वेळांनंतर बेल आणि शब्द यांत दोन सेकंद थांबा. कुत्रं शब्दाची वाट न पाहता निघालं की बेल हाच हुकूम झाला. चिंगीला यायला सव्वा महिना लागला, रोज पाच मिनिटं.

या टप्प्यावर अवघड करायच्या तीन गोष्टी असतात: किती दूर, किती वेळ आणि आजूबाजूला काय चाललंय. एका वेळी एकच वाढवा. दूधवाल्यासमोर जमलेलं पाहुण्यांच्या चार पोरांसमोर जमेलच असं नाही. हट्टीपणा समजून रागावू नका, त्याच्यासाठी ते वेगळंच काम आहे.

पायरी ४: बक्षीस किती वेळा

नवीन शिकवताना प्रत्येक वेळी द्या. पक्कं झालं की कधी दुसऱ्या वेळी, कधी पाचव्या वेळी, अंदाज येणार नाही असं. स्किनर यांना हे कळलं तेही गरजेपोटी: उंदरांच्या खाण्याच्या गोळ्या हाताने बनवाव्या लागत, त्या पुरेनात, म्हणून पेटीतली कळ दाबल्यावर प्रत्येक वेळी गोळी देणं त्यांनी थांबवलं. उंदीर कळ दाबतच राहिले. अधूनमधून मिळणाऱ्या बक्षिसावर घडलेली सवय फार चिवट असते.

याची दुसरी बाजू आमच्या जेवणाच्या टेबलाखाली दिसायची. माझे सासरे प्रेमाने कधीतरी पोळीचा तुकडा खाली सोडायचे. रोज नाही, तीन-चार दिवसांतून एकदा. म्हणूनच चिंगी रोज, पूर्ण जेवणभर, त्यांच्या गुडघ्याला नाक लावून बसायची. रोज दिला असता तर बंद केल्यावर सवय लवकर सुटली असती.

एका कामाला मात्र कायम, भरघोस बक्षीस द्या: 'ये' म्हटल्यावर येण्याला. मोकळ्या कुत्र्याचा जीव याच एका शब्दावर वाचतो. 'ये' म्हणून बोलावून आंघोळ घालू नका, नखं कापू नका, मैदानातून थेट घरी नेऊ नका. आंघोळीला न बोलावता स्वतः जाऊन आणा. मैदानात दहा वेळा बोलवा, नऊ वेळा तुकडा देऊन परत सोडा. 'ये' आधीच बिघडला असेल तर दुरुस्त करत बसू नका, नवीन शब्द घ्या.

पायरी ५: नको ती सवय

आधी शोधा, तिला बक्षीस कोण देतंय. अंगावर उडी मारल्यावर 'अगं नको' म्हणत हातांनी ढकलणं पिल्लाला खेळ वाटतो. भुंकल्यावर पोस्टमन निघून जातो. तो तसाही जाणारच असतो, पण कुत्र्याच्या हिशेबी भुंकण्याने काम झालं.

बक्षीस बंद केलं की सवय विझते, याला विलोपन म्हणतात. मात्र विझण्याआधी ती एकदा भडकते. सासऱ्यांनी तुकडा देणं थांबवल्यावर चिंगी चौथ्या दिवशी टेबलावर पुढचे पाय टाकून ओरडायला लागली. त्या क्षणी कुणी तुकडा दिला तर तिने शिकलं असतं की जोरात मागितलं की मिळतं. घरातल्या सगळ्यांनी आधी ठरवूनच हे सुरू करा. आणि नुसतं काढून घेऊ नका, त्या जागी दुसरं काम द्या. आमच्याकडे जेवण सुरू झालं की चिंगी चटईवर जाते आणि जेवण संपल्यावर तिचा वाटा तिथेच, सासऱ्यांच्याच हातून, मिळतो.

मारणं आणि ओरडणं

शिक्षेने कुत्रं गप्प होतं हे खरं आहे. ते नेमकं काय शिकतं हे मात्र आपल्या हातात राहत नाही. दुसरं कुत्रं दिसल्यावर गुरगुरलं म्हणून पट्ट्याला हिसका दिला, तर गळा दुखतो तो समोर दुसरं कुत्रं असताना. पुढच्या वेळी ते कुत्रं आणखी नकोसं वाटतं. गुरगुरण्यावर मार बसला तर गुरगुरणं जातं, राग किंवा भीती जात नाही, आणि मग ते इशारा न देता थेट चावतं. सकाळी केलेल्या शीवर संध्याकाळी नाक घासणं तर निव्वळ क्रूरता आहे. कुत्र्याला त्यातून एवढंच कळतं की आपण घरी आलो की धोका.

१९६७ साली मार्टिन सेलिगमन आणि स्टीव्हन मायर यांनी कुत्र्यांना टाळता न येणारे विजेचे धक्के देऊन पाहिलं. नंतर सुटायची वाट मोकळी असूनही त्यांतली बरीच कुत्री तिथेच पडून राहिली. मारून 'शहाणं' झालेलं कुत्रं पाहिलं की मला हे आठवतं.

पायरी ६: ढोल-ताशे आणि फटाके

या भागासाठी खास हा लेख लिहायला घेतला. दरवर्षी दिवाळीनंतर हरवलेल्या कुत्र्यांचे फोटो फिरत राहतात.

भीती बदलायची रीत जुनी आहे. १९२४ साली मेरी कव्हर जोन्स यांनी पीटर नावाच्या, सशाला घाबरणाऱ्या एका लहान मुलावर ती वापरली. मूल आवडीचं खात असताना ससा आधी दूर, मग रोज थोडा जवळ. अखेर पीटर सशाला हात लावू लागला.

आपली सुरुवात आषाढातच व्हायला हवी, म्हणजे गणपतीपर्यंत थोडा आणि दिवाळीपर्यंत पुरेसा वेळ मिळतो. आधी पशुवैद्यांकडून कान आणि सांधे तपासून घ्या, कारण दुखणाऱ्या कुत्र्याला आवाज जास्त बोचतात. मग मोबाइलवर फटाक्यांचा किंवा ढोलांचा आवाज इतका हळू लावा की कुत्र्याचा कान फक्त हलावा. आवाज सुरू झाला की एका सेकंदाने चिकन, आणि आवाज चालू असेपर्यंत तुकड्यामागून तुकडा. आवाज बंद, चिकन बंद. अर्धा मिनिट शांतता, मग पुन्हा. एका बैठकीत पाच-सहा वेळा, त्याहून जास्त नाही. हे चिकन दुसऱ्या कशालाही देऊ नका, ते त्या आवाजाचंच असू द्या.

आवाज सुरू झाल्यावर कुत्रं आनंदाने तुमच्या हाताकडे बघायला लागलं की व्हॉल्यूम एक घर वर. ओठ चाटणं, झोप नसताना जांभई, कान मागे, शेपूट खाली, तुकडा हिसकावून घेणं ही घाई झाल्याची चिन्हं आहेत. तुकडा नाकारला तर तुम्ही फारच पुढे गेला आहात, दोन घरं खाली या. खोली बदला, स्पीकर बदला, दुपारऐवजी रात्री करा. एका खोलीत शिकलेलं दुसऱ्या खोलीत आपोआप येत नाही. 'सवय होईल' म्हणून मिरवणुकीत नेऊन उभं करणं हा या सगळ्याचा नाश आहे. एका संध्याकाळीत तीन महिन्यांचं काम वाहून जातं.

सरावाने सगळी भीती जाईलच असं नाही, म्हणून प्रत्यक्ष दिवाळीची तयारी वेगळी ठेवा. दिवस मावळायच्या आत फिरवून आणा, पट्टा दुहेरी लावा, गळ्यात फोन नंबर असू द्या. आतली खोली, बंद खिडक्या, जाड पडदे, चालू पंखा, पलंगाखाली गोधडी. भीती फार असेल तर औषधाबद्दल पशुवैद्यांशी महिनाभर आधी बोला, लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी नको. आणि कुत्रं थरथरत तुमच्याकडे आलं तर त्याला जवळ घ्या. 'लाड केले तर भीती वाढते' हा समज चुकीचा आहे. बक्षिसाने कृती वाढते. भीती ही कृती नाही, कुणी बक्षिसासाठी थरथरत नाही.

जिथे शिकवणं थांबतं

ब्रेलँड जोडप्याने १९६१ साली स्वतःच्याच कामातल्या फसलेल्या गोष्टी प्रसिद्ध केल्या. रॅकून नावाच्या एका छोट्या अमेरिकन प्राण्याला नाणी उचलून पेटीत टाकायला शिकवलं होतं. एक नाणं जमलं. दोन नाणी दिल्यावर ते टाकेचना, खाणं धुतल्यासारखं नाणी एकमेकांवर घासत बसायचं, बक्षीस हुकत असूनही. जन्मजात वागणं शिकवलेल्यावर कुरघोडी करतं. गावठी कुत्र्याच्या बाबतीत हे ध्यानात ठेवा. अनोळखी पावलांवर इशारा देणं आणि उकिरडा हुंगणं त्याच्या रक्तात आहे. चिंगीचं भुंकणं मी बंद केलेलं नाही. तीन भुंकण्यांनंतर 'बरं, कळलं' म्हणते, ती चटईवर जाते.

काठीच्या भीतीवर मी फटाक्यांचीच रीत वापरली. मिटलेली छत्री खोलीच्या पार टोकाला, चिंगीला चिकन. मग एक फरशी जवळ, मग हातात, मग उघडताना. तीन महिने लागले. पुढच्या जूनमध्ये, आठ महिने कपाटात असलेली छत्री मी सरळ बाहेर काढली, तर ती पुन्हा मागे सरकली. विझलेली भीती मधे काळ गेला की अशी परत डोकं काढते, आणि केलेलं काम वाया गेलं असं त्या वेळी वाटतं. छत्री परत खोलीच्या टोकाला ठेवली. या खेपेला तीन महिन्यांचं काम चार दिवसांत झालं. आता दरवर्षी मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात, पाऊस यायच्या आधी, आम्ही ते चार दिवस राखून ठेवतो.